पापुद्रा

तार्तूमध्ये फेब्रुवारी. एमायोगी नदी गोठलेली.
मी तिसऱ्यांदा हात धुतले,
कारण आत वासाला मज्जाव आहे
आणि काल उस्तिन्या माकारोव्हना
पेइप्सी तळ्याकाठच्या गावाहून कांद्यांची वेणी घेऊन आली.
"साली जाड आहेत यंदा," म्हणाली,
"हिवाळा लवकर हलायचा नाही."
बाकीचे कागद नवऱ्याने वाचले. सह्या तिने केल्या.

तीन वर्षं उणे एकशे शहाण्णव अंशांत होता,
आज सकाळी वितळवला.
तीयू नाव मोठ्याने वाचते, मग मी,
बशीवरचं, कागदावरचं, पुन्हा बशीवरचं.
आमच्याकडे मंत्र म्हणून एवढाच.

आत तो आकसून बसलाय,
गरम पाण्यात चुकून धुतलेल्या लोकरीसारखा.
भोवती काचेसारखं कवच.
गोठून ते निबर होतं, असं आम्ही मानतो.
मानतो म्हणते. पैजेवर कुणी सांगणार नाही.

पडद्यावर लाल वर्तुळ.
सरकवत नेते, जिथं कवच आणि तो
यांच्यामध्ये रिकामी फट आहे, तिथवर.
वडील असेच तळ्यावर चालायचे,
टाचेने ठोकत, कान देऊन,
आणि मग गिरमिट टेकवायचे.
पण त्यांना मासा वर हवा असायचा.

क्लिक.
उजेड दिसत नाही, आवाज नाही.
कवचाला फक्त एक खाच,
दुधाचा दात पडल्यावर दिसते तशी.
क्लिक. क्लिक.
इथं थांबायचं. चौथ्याचा मोह होतो.

मी कुणाला बाहेर काढत नाही.
कडी काढून ठेवते,
पुढचं त्याचं तो बघेल.
"तो" म्हणते खरी;
म्हणण्याजोगं अजून काय आहे तिथं,
शंभरेक पेशी,
आणि लोकरीसारखं हळूहळू फुगणं.

दुपारी दोनला उस्तिन्या आली,
डोक्याला रुमाल, पोटात लिटरभर पाणी,
अवघडून, पाय मोजत.
पडद्यावर पाहिलं. खाचेवर बोट ठेवलं.
"हे तुम्ही केलंत?"
हो म्हटलं.
"दुखलं असेल?"
नाही म्हणायला मला जरा वेळ लागला.

रात्री घरी वेणीतला एक कांदा सोडवला.
साल खरंच जाड; नखाने निघेना, सुरी लागली.
पापुद्र्यामागे पापुद्रा,
आणि मधोमध हिरवा कोंब.
बघत राहिले थोडा वेळ.
मग कोंबासकट चिरला.
भूक लागली होती.