नापास चादर

ती चादर मीच कोंबली.
आधी हे सांगतो, मग बाकीचं.

गड्ड्याची यात्रा उठून आठवडा झालेला,
विडी घरकुलात पत्र्यांवरून गार वारं उतरत होतं.
सुमलता म्हणाली, दादा, न्हाणीत
त्या झरोक्यातून पाठीला सुया टोचतात.
घरात एक चादर होती, कारखान्यातून आणलेली,
चेकरनं नापास केलेली:
मोराच्या मानेपाशी दोन धागे तुटलेले,
बाकी ऊब तीच, वजन तेच.
स्टुलावर चढलो, घडी केली,
पेचकसानं कडेकडेनं आत दाबली.
फट ठेवली नाही.
कामात फट ठेवायची नाही,
हे बापानं मागावर शिकवलेलं.

गॅसचा गिझरही मीच बसवलेला.
फिटर अडीचशे मागत होता.
आधी ज्योत निळी असायची, मग पिवळी पडली.
आम्हाला वाटलं, जुना झाला.

त्या आठवड्यात सुमाचं डोकं दुखायचं, अंघोळीनंतर जास्त.
आई म्हणाली, पित्त. मी म्हणालो, मोबाईल.
शेजारच्या अनसूयाबाईंनी दृष्ट काढली,
मिरच्यांचा ठसका सगळ्या गल्लीला लागला,
सगळ्यांनी खिडक्या उघडल्या.
ठसका लागला की माणूस खिडकी उघडतो.

आमच्या घराला वास कळतात.
आईच्या बोटांत तंबाखू, पदरात, भाकरीतसुद्धा,
माझ्या केसांत रंगखात्याची वाफ,
डोळे मिटून सांगू, दारात कोण आलं.
हा आला ते कुणालाच कळलं नाही.
वास नाही, रंग नाही, धूर नाही,
उंबऱ्यात चप्पल काढल्याचा आवाज नाही.

गुरुवारी आई दारात, सूप मांडीवर,
विड्या वळत, तोंडात हिशेब,
आणि कान न्हाणीकडे. मुद्दाम नव्हे;
मागाच्या घरातला कान असाच असतो,
खटखट चालू तोवर झोप,
थांबली की जाग.
तांब्या बुडत होता, पाणी पडत होतं,
तांब्या, पाणी, तांब्या,
आणि थांबला.
गिझर तेवढा फुरफुरत राहिला.

सहाशे चाळीस विड्या जमिनीवर सांडल्या.
"सुमा, काय करायलीस गं?"
एकदाच तोंडानं विचारलं,
दुसऱ्यांदा वरवंट्यानं.

कडी तुटली. आईनं तिला अंगणात ओढलं.
मी बाहेरून झरोक्यातली चादर उपसली
आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून
तीच तिच्या अंगावर टाकली.
गाल लालगुलाबी झालेले.
एवढी छान ती कधी दिसली नव्हती,
आणि ते बघून माझ्या पायांतलं बळ गेलं.

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रक्त भोळं असतं.
चांगली हवा आणि हा, दोघं समोर आले
तर ते याचाच हात आधी धरतं,
मग लवकर सोडत नाही.
अजून दहा मिनिटं, म्हणाल्या,
आणि वाक्य पुरं केलं नाही.
दीड दिवस मास्क. शुद्धीवर आली तेव्हा
पहिलं विचारलं,
"नळ बंद केला का?"

गिझर आता भिंतीबाहेर, उघड्या पत्र्याखाली,
फिटरनं बसवलेला. अडीचशे, वर पाइपचे.
झरोका मोकळा आहे, वारं टोचतं.
टोचू दे.
चादर आईनं धुतली नाही, फेकलीही नाही.
त्या दोन धाग्यांची जागा मी रात्री बोटानं चाचपतो;
चेकरला तेवढीच चूक दिसली होती.

रोज सकाळी आई सूप घेऊन न्हाणीच्या दाराशी बसते.
"माटलाडु, सुमा, माटलाडु."
बोल, बोलत रहा.
आतून सुमा काहीबाही बोलते:
परीक्षेच्या तारखा, मैत्रिणीचं लग्न, सतराचा पाढा,
आणि पाढा संपला की,
"अगं अम्मा, आहे मी, आहे.
साबण कुठं ठेवलास?"