सहा मीटर

मुरार छावणीच्या फाटकासमोर
झेरॉक्सवाल्या गर्गच्या दुकानात अर्धी जागा माझी.
एक संगणक, एक प्रिंटर, पायाशी हीटर.
मी अपिलं टाइप करते.
गुडघ्यांची, मणक्यांची, बर्फात गेलेल्या बोटांची,
आणि रात्री उठून बसणाऱ्या माणसांची,
जी त्यांच्या बायकांना विचारून लिहावी लागतात.
चौथा परिच्छेद सगळ्यांचा सारखाच,
नाव तेवढं बदलते.

हवालदार उदाजी खानवलकर, तोफखाना, चोवीस वर्षं,
राहणार जिन्सी नाला नंबर दोन.
आले त्या दिवशी धुक्यात किल्लासुद्धा नव्हता.
बोर्डाचा कागद घडीवर फाटलेला:
दोन्ही कानांचं बहिरेपण.
सेवेमुळे झालेलं नाही. सेवेमुळे वाढलेलं नाही.
उद्भव: शांत ठाणं.

मी विचारलं, पहिल्यांदा कधी जाणवलं?
ते म्हणाले, दोन मुली.
मी ओरडले.
चहावाला वळला, रांगेतले दोघे सुभेदार वळले.
तरी बरं, मराठीत ओरडत होते,
गल्लीत निम्म्यांनाच कळलं.
बहिऱ्या माणसाचं खाजगी असं काही उरत नाही:
पेन्शन किती, हप्ता किती थकला,
बायको हल्ली पलीकडच्या खोलीत का झोपते.
(टीव्हीचा आवाज.)

डाव्या कानात शिट्टी वाजते, म्हणाले.
कुकरची नाही, गाडी सुटण्याआधीची.
गाडी काही सुटत नाही.

शांत ठाणं म्हणजे बबिन्याची रेंज.
तिथं शत्रू नव्हता, हे खरंच आहे.
तोफ होती.
समोर चुना फासलेलं पिंप आहे की माणसं
हे तोफेला कुणी सांगत नाही,
ती तेवढ्याच जोरानं बोलते.
कानात कापूस घालायचा.
कापूस संपला की बोटं.
गोळा भरणाऱ्याची बोटं मात्र गोळ्यावर.

वहिनी म्हणाली होती, हजिऱ्याला जा,
चिंचेची पानं चावून या.
गेले. चावली.
तो पाला गळ्यासाठी आहे, म्हणाले,
कानाचं झाड कुणी लावलेलं नाही.

साडीच्या दुकानाची पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली.
डिस्चार्ज बुक, रेशन कार्ड, लग्नाची पत्रिका,
आणि तळाशी भरतीच्या वेळचा पिवळा कागद,
कुणा डॉक्टरची निळी शाई:
कुजबुज, उजवा कान, सहा मीटर.
कुजबुज, डावा कान, सहा मीटर.

मी ओरडायचं सोडलं.
पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे आठवतं?
ते हसले. पहिल्यांदाच.
मैदानात चड्डीवर उभे होतो, थंडी अशीच.
डॉक्टर पाठीमागं लांब जाऊन पुटपुटला, छत्तीस.
मी म्हणालो, छत्तीस.
मग पुटपुटला, खीर.
सकाळपासून उपाशी होतो बाई,
खीर कशी ऐकू येणार नाही?

त्या दिवशी चौथा परिच्छेद पुसला.
लिहिलं: घेताना हे कान सहा मीटरवरून
मोजून घेतलेले आहेत.
परत देताना पुन्हा मोजलेले आहेत.
मधला फरक कुठं खर्ची पडला,
तेवढं कृपया कळवावं.
खीर लिहिली नाही. लिहायला हवी होती.

गर्गनं तीन प्रती काढल्या,
तिसरीचे पैसे घेतले नाहीत, का ते बोलला नाही.
पोस्टातून परत येऊन पावती
त्यांनी माझ्यापुढं धरली. आता?
हातात दुसऱ्याचा मणका होता, मी न बघताच म्हणाले,
सहा महिने. निदान.

त्यांनी मान हलवली.
सहा मीटर, म्हणाले, बरोबर आहे,
आणि दारापर्यंतचं अंतर
डोळ्यांनी मोजत उभे राहिले.