दमानं

शेफील्ड हे चढउतारांचं गाव.
हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर एक खोली,
तिथं माझं काम
निजलेल्या माणसांना उभं करण्याचं.

टेबलच उचलतं त्यांना, हळूहळू, साठ अंशांपर्यंत.
छातीवर पट्टा, गुडघ्यांवर पट्टा,
बोटाला चिमटा,
दंडावर फुगत-ओसरत राहणारा कफ.

आज क्लिफर्ड ऑल्डरसन. वय चौऱ्याहत्तर.
जन्मभर छपरांवर स्लेटच्या फरश्या ठोकल्या,
वाऱ्यात, एका पायावर, ओठांत खिळे धरून.
कधी चक्कर नाही.
आता साखर सत्तावीस वर्षांची,
आणि खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी.

आडवा असताना एकशे बावन्न.
"बघ, ठणठणीत आहे," म्हणाला.

तुम्ही-आम्ही उठतो
तेव्हा अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरतं.
मानेतल्या एका जागेला ते कळतं,
ती निरोप धाडते,
खालच्या नळ्या आवळतात,
काळीज चार पावलं पळतं.
ऊठसूट चाललेलं हे काम,
उभ्या जन्मात कुणी त्याला विचारलं नाही.

क्लिफर्डमध्ये निरोप निघतो,
पोचत नाही.

पहिल्या मिनिटाला एकशे अठरा.
नाडी अठ्ठ्याहत्तर. होती तिथंच,
जणू घरात काही घडलंच नाही.

"नोव्हेंबरात," तो सांगू लागला,
"स्मारकापाशी दोन मिनिटं शांत उभं राहतात ना,
दगडावर माझ्या भावाचं नाव आहे. रॉय.
गेल्या वर्षी मी कोसळलो.
लोकांना वाटलं, दुःखानं.
एका बाईनं तर माझा हात धरून
रडूनसुद्धा घेतलं.
मी काय सांगणार तिला?"

हसला. ओठ पांढरे.
चौऱ्याऐंशी.
मग नजर माझ्यावरून सरकून
भिंतीवरल्या घड्याळाच्या जरा पलीकडे गेली.
मी टेबल खाली घेतलं.

रंग परतला, आधी कानांना.
मी नेहमीचं सांगितलं:
उशाकडून पलंग वीतभर उंच,
उठण्याआधी दोन पेले पाणी,
लांब मोजे, जेवण थोडं थोडं,
रात्री लघवीला बसून.
आणि शेवटी
जे मला इंग्रजीत कधीच सांगता आलं नाही,
ज्यात श्वासही आहे आणि सबुरीही,
आई विहिरीच्या पायऱ्यांवर म्हणायची तो एक शब्द.
त्याऐवजी म्हटलं, टेक युअर टाइम.

बूट चढवता चढवता त्यानं विचारलं,
"दोन मिनिटं झाली होती का गं?"

पडद्यावर एक मिनिट बावन्न सेकंद.

"झाली होती," मी म्हटलं.
रिपोर्टात खरं तेच लिहिलं.