अठरा सूत

हळदोण्याच्या त्या घरात
जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझा पाय आधी चुकला,
डोळ्यांना नंतर कळलं.
खालची लादी कालच बसली होती,
अजून ओली, वर भुसा पसरलेला.
टेप लावला. पावणेपाच इंच.
वरच्या सगळ्या सात.

लादी आणि तिच्याखालचा माल, मिळून सव्वादोन इंच,
मी नकाशात धरलेच नव्हते.
काढताना रात्रीचे दोन वाजले होते, वगैरे.
ते कागदावर कुठे लिहितात?

फोंडू मेस्त चिऱ्यांच्या ढिगावर बसून
डबा उघडत होता.
तुला दिसलं नाही, मेस्त?
"दिसलें, बाय."
मग?
"कागदार आसा तशें केलां."

गवंड्याने बोलावं असं याहून वाईट वाक्य नाही.
भिंत कलली तर ओळंबा लावता येतो,
याला काय लावणार?

मे महिन्यात त्याने खिडकी वीतभर सरकवली होती,
न विचारता.
मी चार बिगाऱ्यांदेखत ओरडले होते:
नकाशा काय बांगडे गुंडाळायला दिलाय?
त्याने विडी कानावर ठेवली,
खिडकी फोडून पुन्हा जागेवर आणली.
का सरकवलीस, हे मी विचारलं नाही.
आता तिच्यातून शेजाऱ्यांच्या संडासाची टाकी दिसते,
नेमकी मधोमध.

त्यानंतर त्याने काहीच सरकवलं नाही.
माझ्या रेघेवर रेघ,
माझ्या चुकीवर चूक,
ओळंब्यात.

अठराही पायऱ्या फोडल्या. तीन दिवस.
मग सुताराच्या जाड पेन्सिलीने
त्याने भिंतीवरच हिशेब मांडला:
चूक अठरा सूत, पायऱ्या अठरा.
प्रत्येकीतून एक सूत काढून घेतलं.
आता चढताना कुणाच्याही पायाला कळत नाही.

मालकीणबाईंना मेलमध्ये मी लिहिलं,
साइटवरच्या अडचणीमुळे जिना पुन्हा करावा लागला.
साइटवरची अडचण त्या वेळी
बाहेर वाळू चाळत होती, पाठमोरी.
तीन दिवसांची मजुरी त्याने बिलात धरली नाही.
मीही विषय काढला नाही.

पुढचं काम सांग्याला. नकाशे पाठवले.
आठवड्याने त्याच्याकडून एक फोटो आला,
शब्द एकही नाही,
फक्त माझ्या एका आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल.
मी तीनदा बेरीज केली. बरोबर होती.
फोन केला. मेस्त, आकडा बरोबर आहे.
"म्हाका खबर आसा."
मग गोल कशाला?
पलीकडे मिक्सर घरघरत होता.
"तुमी पळयतात काय ना, तें पळोवपाक."

मला त्या तीन दिवसांचं बोलायचं होतं.
फोन कानाशी धरून
मिक्सर थांबायची वाट पाहत राहिले.