बेचाळिसावा दिवस

आज दूध तोडलं.
पत्र्यापलीकडं काळी डुकरीण
तासातासाला हाका मारायलीय,
अन् अलीकडं अकरा तोंडं
एकाच भिंतीला लागलीत.

सोयाबीनचं भुसकट हातानं चाचपून टाकलं,
ओल राहिली की हगवण.
भरडा कोमट पाण्यात कालवला,
मूठ-मूठ, दिवसातून पाचदा.
देगलूर रोडच्या ढाब्याचं उष्टं
आणखी पंधरा दिवस नाही.
"पोट नको भरू, चव लाव,"
यल्लव्वा म्हणली.

उदगीरच्या डाक्टरनं सांगितलेला बल्ब
गुडघाभर उंचीवर टांगला.
आधी ढीग करून पडली सगळी,
मग ढीग हळूहळू सुटला.
गारठा गेला, हे अंगच सांगतं,
विचारावं लागत नाही.

दोन वाजता लाईट गेली.
बिसलरीच्या बाटल्यांत ऊन पाणी भरून
माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळल्या,
मधे ठेवल्या.
दहा आली.

कानतुटकं तेवढं
पत्र्याला गंजून भोक पडलंय
तिथं नाक लावून उभं.
पलीकडनं, तेवढ्याच जागी,
एक ओलं, मोठं नाक.

सकाळी ते भोक बुजवायचंय.
सकाळी, म्हणतेय.