मासा कुठला?

बोहरी आळीत, खिळ्यांच्या डब्यांमागून
हातिमभाईंनी पाच काठ्या काढल्या.
"मासा कुठला, ते सांगा आधी."

खवलीला ही, बोरूएवढी.
तिनं आमिष नुसतं हुंगलं तरी मनगटाला कळेल.
चिलापीला जरा निबर.
कटल्याचं तोंड मऊ, बाई,
ताठ काठीनं ओठ फाटतो, उरतो रिकामा गळ.
आणि ही? हिनं म्हैस निघेल डबक्यातून,
पण खवली लागलीय हे घरी गेल्यावर कळेल.

मी म्हटलं, मासा दिसलाच नाही.
खडकवासल्याच्या मागच्या पाण्यात, गेल्या रविवारी,
अकरा मिनिटं होता.
मग दोरा हलका.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
मधल्या काठीत दोरा ओवला, मूठ स्वतः धरली.
"ओढून दाखवा. तो ओढत होता तसं."

भर दुकानात दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून
मी मासा झाले.
आधी खाली. मग थांबले.
मग डावीकडे, थेट उंबऱ्यापर्यंत.
खिळे मोजणारा पोरगा आकडा विसरला.

"रोहू नाही," ते म्हणाले,
"रोहू इतका विचार करत नाही."
आणि दुसऱ्या-तिसऱ्या काठीच्या मध्ये
त्यांचा हात
बराच वेळ घुटमळत राहिला.