तीन मिनिटं, चौदावा क्रमांक

नाव आउने लेहतोनेन. वय लिहायला
तुमच्या अर्जात जागा नाही, तरी सांगते : एकाहत्तर.
राहते सरोवराच्या अंगाला, धान्याच्या रिकाम्या कोठारांखाली,
जिथे सहा नंबरची बस यायची.
यायची. क्रियापद नीट लिहून घ्या.

तुमचा कागद म्हणतो, सहा नंबरला माणसंच नव्हती.
बावीस वर्षं मी त्या बसगाड्या रात्री धुतल्या.
माणसं नसलेल्या बसमध्ये
इतके हातमोजे सापडत नाहीत,
नेहमी एकेकटे, बहुतेक डाव्या हाताचे.
एकदा दातांची कवळी सापडली, रुमालात गुंडाळलेली.
ती न्यायला म्हातारा सहा नंबरनेच आला,
तोंडावर हात धरून.

मोजणी तुम्ही जुलैत केलीत.
जुलैत काय, माझी शेजारीण ओक्सानासुद्धा चालते,
दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत.
जानेवारीत मोजा. उणे तीस असताना मोजा,
डॅरिल डायलिसिसहून परततो तेव्हा,
वरच्या रस्त्यापासून अकरा मिनिटांचा उतार,
आणि उतारावर काच.

त्या वरच्या स्टॉपचं बाकडं काढलंत.
का, तर त्यावर कोणी झोपतं.
झोपायचा ना. वेन त्याचं नाव. घोरायचाही.
मग मी घरची खुर्ची नेऊन ठेवली,
निळी, एका पायाखाली पुठ्ठा लागणारी.
चौथ्या दिवशी खुर्ची नाही, खांबावर नोटीस :
सार्वजनिक जागेत अनधिकृत फर्निचर.
दंड पंचेचाळीस डॉलर. ताबा विमानतळापलीकडच्या आवारात.

दोन बस. मग हमरस्त्याच्या कडेने पायी,
जिथे पदपथ करायचं तुमच्या आराखड्यात
माझा मुलगा शाळेत होता तेव्हापासून आहे.
दंड भरला. पावती घेतली.
खिडकीतल्या पोराने विचारलं, गाडी कुठे लावलीत?
म्हटलं, गाडी असती
तर खुर्ची कशाला लागली असती, बाळा.

परतताना ड्रायव्हर म्हणाला, फर्निचर चढवता येत नाही.
भला माणूस. नियम सांगताना खाली बघत होता.
मग मी तिथेच रस्त्याकडेला खुर्ची मांडली आणि बसले.
ट्रक जात होते. एकाने भोंगा दिला, मी हात केला.
खरं सांगू? बरं वाटलं.
या शहरात कुठल्याच स्टॉपवर
इतकी ऐसपैस मी कधी बसले नव्हते.

पिवळा दिवा लागला. बघते आहे.

मी सगळ्यालाच नावं ठेवणारी बाई नाही.
यंदा बर्फ वेळेवर उचललात.
कचऱ्याचा नवा डबा चांगला, झाकण वाऱ्याने उडत नाही.
कुंपण तीन फुटांचंच हवं, हाही नियम मला पटतो,
शेजाऱ्याचं तोंड दिसावं माणसाला.
पण गरम गाडीत बसून बसचे नकाशे काढायचे,
याला आमच्या अंगाला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात,
उंट कोणी पाहिलेला नसला तरी.
प्रोकोपिच साहेब, तुम्ही माझ्या एरोच्या वर्गात होतात.
सहा नंबरनेच यायचात, नाक गळत.
तुमचा एखादा डावा हातमोजा
अजून माझ्याकडच्या खोक्यात असेल.

रस्त्यावरचा नवा पांढरा दिवा
रात्रभर माझ्या उशीवर पडतो, तो विषय वेगळा.
त्यासाठी दुसऱ्या मंगळवारी येईन.
कशी येईन, ते बघू.

सभा साडेसहाची. शेवटची बस सात दहाची.
माझा क्रमांक चौदावा. आता आठ वाजून पाच.
लाल दिवा. हो, दिसला.
एकच प्रश्न, हात वर करून उत्तर दिलंत तरी चालेल :
सरोवराच्या अंगाला आज कोण जाणार आहे?

कागद चाळले गेले. कोणी चष्मा पुसला.
मग कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीने
पेन धरलेला हात जरासा उचलला.

हेही लिही, म्हटलं तिला.